वृत्तविद्येची शाळा आणि तालुक्याचा वार्ताहर : प्रस्तावना

मराठी वृत्तपत्राचा आरंभ शिक्षकाच्या हातून झाला, ही गोष्ट वृत्तविद्येच्या शिक्षणाचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी अध्यापन केले, आणि एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर छापून त्यांनी वर्गाबाहेरच्या समाजासाठीही एक वर्ग भरवला. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत त्याच मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. चिपळूणकर, टिळक, आगरकर हे तिघेही दिवसा फळ्यापाशी उभे राहणारे व उरलेल्या वेळात अग्रलेख लिहिणारे गृहस्थ होते. १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू सांभाळणारे गोपाळ कृष्ण गोखले हेही फर्ग्युसनचे प्राध्यापकच. आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्यामागची प्रेरणा व लेखणी ज्यांची होती ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते. सरकारी नोकरीच्या बंधनामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव घालावे लागले. सत्यशोधक समाजाच्या कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ (१८७७) या सुशिक्षित अध्यापकवर्गाच्या वर्तुळाबाहेरून आला, हे त्याचे वैशिष्ट्य मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. परंतु लोकशिक्षण हाच हेतू त्याच्याही मुळाशी होता.

ज्या भाषेत संपादक आणि गुरुजी या दोन भूमिका इतका दीर्घकाळ एकाच देहात नांदल्या, त्या भाषेच्या राजधानीत, पुण्यात, विद्यापीठाने वृत्तपत्रविद्येचा विभाग उघडायला १९६४ साल का उजाडावे लागले, हा प्रश्न या विषयाच्या कोणत्याही जिज्ञासूला पडल्याशिवाय राहत नाही. माझ्या मते याचे उत्तर त्या वैभवशाली परंपरेतच दडलेले आहे. आपल्या आद्य संपादकांनी वृत्तपत्र हे मुख्यतः मताचे साधन मानले. निबंध लिहिण्याची शक्ती, युक्तिवादाचा डौल, संस्कृत व इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग आणि प्रसंगी कारावास पत्करण्याचे धैर्य, ही संपादकाची सामग्री होती. ती शाळा-महाविद्यालयांतून व स्वतःच्या तपश्चर्येतून मिळत असे, आणि तिच्यासाठी निराळी शाळा हवी असे कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते. बातमी मात्र या दरबारात मागच्या रांगेत बसलेली होती. ती कोणी आणावी, कशी तपासावी, कोणाला विचारून लिहावी, आकडा कोठून घ्यावा, दोन पक्ष असतील तर दुसऱ्याच्या दारात कधी जावे, याचे शास्त्र असते आणि ते शिकवता येते, ही जाणीव फार उशिरा आली. तोवर बातमीदार छापखान्यात घडत असे: जुळाऱ्याच्या शेजारी बसून, उपसंपादकाच्या शिव्या खात आणि आपल्याच मजकुरावर फिरलेली लाल रेघ पाहत.

हा क्रम बदलण्याचे श्रेय ज्यांना निःसंशय द्यावे लागते ते डॉ. नानासाहेब परुळेकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर होते. १ जानेवारी १९३२ रोजी, म्हणजे ‘दर्पणा’च्या शताब्दीला अवघे पाच दिवस उरले असताना, त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, आणि अग्रलेखाला सिंहासनावर बसवणाऱ्या पुण्याला त्यांनी नळाचे पाणी, बाजारभाव, पालिकेचा कारभार, परीक्षांचे निकाल आणि खेड्यापाड्यांतल्या घडामोडी वाचायला लावले. गावोगावचे वार्ताहर नेमून त्यांच्याकडून नियमित मजकूर मागवण्याची त्यांची पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे, की एके काळी ती नवी होती हेच आपण विसरतो. मराठी वृत्तपत्रव्यवसायाला प्रशिक्षित माणसांची गरज पहिल्यांदा भासली ती या पद्धतीमुळे. कारण मतासाठी दहा विद्वान पुरतात, परंतु बातमीसाठी शेकडो साधी, चौकस आणि विश्वासू माणसे लागतात.

जगात इतरत्र ही गरज थोडी आधी ओळखली गेली होती. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ साली वृत्तविद्येचे विद्यालय सुरू केले आणि पहिल्याच सत्रापासून विद्यार्थ्यांकडून खरोखरीचे दैनिक काढून घेतले. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून कोलंबियाचे विद्यालय १९१२ मध्ये उघडले, तेव्हा स्वतः पुलित्झर हयात नव्हते. आपल्या देशात अॅनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा अभ्यास आरंभला, अलीगढला १९३८ मध्ये एक अल्पायुषी प्रयत्न झाला, आणि १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी जो विभाग उभा केला त्याला फाळणीनंतर दिल्लीला निर्वासितासारखे यावे लागले. मद्रास, कलकत्ता, म्हैसूर यांची नावे स्वातंत्र्याच्या आगेमागे या यादीत दाखल झाली.

मराठी मुलखात पहिला मान मात्र पुण्याचा नव्हे, नागपूरचा आहे, आणि पुणेकर लेखकांनी तो मोकळ्या मनाने सांगायला हवा. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सले १९५२ मध्ये फुलब्राइट योजनेखाली तेथे आले आणि त्यांच्या साहाय्याने हिस्लॉप महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. भारतातील वृत्तपत्रसृष्टीवर विविध लेखकांकडून लिहवून घेतलेला एक ग्रंथही त्यांनी पुढच्याच वर्षी संपादित केला. एका परदेशी अध्यापकाने अल्प वास्तव्यात रोवलेले हे रोप पुढे नागपूर विद्यापीठाने आपल्या अंगणात नेले आणि विदर्भातील कित्येक पिढ्यांनी त्याचा लाभ घेतला. १९५२ मध्येच केंद्र सरकारने न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला. त्या आयोगाने १९५४ च्या अहवालात वृत्तपत्रांची मालकी, पत्रकारांची वेतने आणि त्यांचे प्रशिक्षण यांचा साकल्याने विचार केला. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा हे त्याचेच एक फळ. दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये निघाली, म्हणजे पुण्याच्या विभागानंतर एक वर्षाने.

पुण्याच्या विभागाकडे वळण्यापूर्वी त्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधी घडलेल्या एका घटनेचा निर्देश मला टाळता येत नाही, कारण ती आमच्या भोर तालुक्याशेजारच्या वेल्हे तालुक्यातून उतरली. आंबी नदीवरील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा जुना बांधही फोडला, आणि दुपारपर्यंत पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री त्या अर्धवट बांधकामावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. धरण धोक्यात आहे हे तेथे असलेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते. आणि तरीही लक्षावधी वस्तीच्या शहराला वेळेवर व स्पष्ट शब्दांत ते कळले नाही. सरकारची जबाबदारी किती आणि कोणाची, याचा खल चौकशी आयोगापुढे झालेला आहे व तो येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. वृत्तविद्येच्या दृष्टीने मला त्यातून दिसते ते एवढेच, की ज्या शहरात शतकाहून अधिक काळची पत्रकारिता नांदत होती, त्या शहराला वेल्ह्याच्या डोंगरातली बातमी पाण्याच्या रूपाने आपल्या उंबऱ्यात शिरेपर्यंत मिळाली नव्हती. पानशेतमुळे विभाग निघाला असे मी म्हणत नाही. त्याला आधार नाही. परंतु विभागाने आपले काम काय समजावे, हे ठरवायला याहून मोठा धडा त्या काळच्या पुण्यापाशी दुसरा नव्हता.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला ते १९६४ हे वर्ष दत्तो वामन पोतदार यांच्या कुलगुरुपदाच्या अखेरीचे आणि काकासाहेब गाडगीळ यांच्या कारकिर्दीच्या आरंभाचे. एक इतिहासाचा साक्षेपी संशोधक, दुसरा लोकांत वावरलेला राजकारणी, आणि दोघेही मराठी गद्याचे रसिक. विद्यापीठाचे मुख्य आवार गणेशखिंडीत असताना या विभागाला जागा मिळाली ती गावात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मरणार्थ, औद्योगिक व आर्थिक अभ्यासासाठी उभारलेली ही वास्तू पुढे विद्यापीठाकडे आली. परकीय भाषांचे वर्गही तेथेच भरत. त्यामुळे एका जिन्याने जर्मन क्रियापदे घोकणारे विद्यार्थी चढत असता दुसरीकडे मथळा किती अक्षरांत बसतो याचा हिशेब चाललेला असे. विभागाचे विधिवत् नाव संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. परंतु लोकांच्या तोंडी ते कधी रुळले नाही. ‘मी रानडेचा’ एवढे म्हटले की मराठी वृत्तसृष्टीत ओळख पुरी होते, मग तो माणूस मुंबईच्या दूरचित्रवाणी वाहिनीत असो की नांदेडच्या दैनिकात.

हे नाव केवळ इमारतीवरून पडले असले तरी ते सार्थ आहे. रानड्यांना आपण न्यायाधीश, अर्थचिंतक आणि समाजसुधारक म्हणून ओळखतो. परंतु तरुणपणी त्यांनी ‘इंदुप्रकाशा’ची इंग्रजी बाजू सांभाळली होती, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकामागची मुख्य बुद्धी त्यांचीच होती. दुष्काळात कोणत्या जिल्ह्यात काय घडते, जमाबंदीचा बोजा रयतेवर कसा पडतो, हे गावोगावच्या माहितीवरून मांडण्याची सार्वजनिक सभेची रीत पाहिली, की तीत आजच्या शोधपत्रकारितेचे पूर्वरूप दिसते. सभेने १८७६–७७ च्या दुष्काळात आपली माणसे खेड्यांत पाठवून जो वृत्तान्त गोळा केला, तो सरकारी कागदांना आव्हान देऊ शकला, कारण तो ऐकीव नव्हता.

शहराच्या मध्यभागी असणे हा या विभागाचा केवळ सोयीचा भाग नव्हता. त्याच्या प्रकृतीचा तो गाभा होता असे माझे मत आहे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, न्यायालये, मंडई, नाट्यगृहे आणि सभांची पटांगणे पायी जाण्याच्या अंतरावर; म्हणून सकाळपाळी वा रात्रपाळी करणारा उपसंपादक मधल्या वेळात शिकवायला येऊ शकत होता, आणि सकाळच्या तासाला शिकलेला विद्यार्थी दुपारी बालगंधर्वातल्या पत्रकार परिषदेत जाऊन बसू शकत होता. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमापासून पदवी, पदवीपासून पदव्युत्तर अभ्यास, पुढे संशोधन, अशी पायरीपायरीने येथली वाढ झाली. प्रत्येक पायरीवर विद्यापीठीय शिस्त व वृत्तपत्रीय धांदल यांच्यात ओढाताण होत राहिली. विद्यापीठाला पात्रता, परीक्षा आणि प्रबंध हवे असतात, तर वृत्तपत्राला उद्या सकाळचा अंक. ही ओढाताण ज्या विभागप्रमुखांनी सर्जनशील ठेवली त्यांत अरुण साधू यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागेल. १९९५ ते २००१ या काळात ते येथे होते. परतवाड्याहून आलेला, मुंबईत राजकीय वार्तांकन केलेला आणि ‘मुंबई दिनांक’, ‘सिंहासन’ यांसारख्या कादंबऱ्यांतून सत्तेची अंतर्गत यंत्रणा उलगडून दाखवलेला हा लेखक विद्यार्थ्यांपुढे उभा राहत असे तेव्हा बातमी आणि तिच्या मागचा समाज या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, हे सिद्ध करायला त्याला निराळे व्याख्यान द्यावे लागत नसे.

पुढला विस्तार थोडक्यात सांगता येईल, कारण तो सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला आहे. औरंगाबाद, कोल्हापूर, सोलापूर येथील विद्यापीठांतून विभाग निघाले. पुण्यातच १९९० मध्ये सिम्बायोसिसने आपली संस्था काढली. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून जनमाध्यमांची पदवी मिळू लागली. भारतीय जनसंचार संस्थेची शाखा अमरावतीला आली. खिळे गेले, संगणक आला, आवृत्त्या जिल्ह्याजिल्ह्याला फुटल्या, वाहिन्या चोवीस तास बोलू लागल्या, आणि २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव गौरवाने जोडले गेले. २०२१ साली रानडेतील हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारातील माध्यम-अभ्यासाच्या दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्याला निकराने विरोध केला आणि तो निर्णय थांबला. काहींना तो विरोध म्हणजे केवळ जुन्या इमारतीविषयीची हळवी ओढ वाटली. मला तसे वाटत नाही. शहराच्या रस्त्यावरून वर्गात व वर्गातून रस्त्यावर येण्याची वाट मोकळी असावी, एवढीच मागणी त्यात होती, आणि ती शैक्षणिक मागणी होती.

येथवर जे सांगितले तो या विषयाचा सन्मान्य व बहुतांशी परिचित भाग झाला. भोंगवलीत बसून ही प्रस्तावना लिहिताना त्याच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहिणे मला अधिक अगत्याचे वाटते. भोर हे एके काळी पंतसचिवांचे संस्थान. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले व त्याचा बराचसा मुलूख पुणे जिल्ह्याच्या दप्तरात दाखल झाला. आमचे गाव या तालुक्याच्या पूर्वेकडचे, पुणे-सातारा रस्त्यापासून थोडे आत; पश्चिमेला घाटमाथ्याकडे पाऊस कोसळत असताना येथे मात्र आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. पुणे जिल्ह्याच्या नकाशावर भोर आणि वेल्हे यांच्या वाट्याला धरणे फार आली. १९२८ मध्ये पुरे झालेले भाटघरचे धरण आमच्या तालुक्यात असले तरी त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांचा ऊस भिजवते. बातमीचेही असेच झाले आहे: ती येथे साठते, परंतु तिचा उपयोग कोठे आणि किती व्हावा हे खाली शहरात ठरते.

ती साठवणारा माणूस म्हणजे तालुक्याचा वार्ताहर. प्रस्तुत लेखकाने हे काम बरीच वर्षे केलेले असल्यामुळे त्याच्या दिनक्रमाविषयी साधार बोलता येते. पहाटे अंकांचे गठ्ठे महामार्गावरच्या फाट्यावर पडतात. ते उचलून, पुरवण्या घालून, पोरांच्या सायकलींवर व दुचाक्यांवर वाटून देणारा विक्रेता हाच पुष्कळदा त्या वृत्तपत्राचा वार्ताहर असतो, आणि त्याच वृत्तपत्रासाठी जाहिराती जमवणाराही तोच. भ्रमणध्वनी येण्यापूर्वी बातमी लिहिलेला कागद पाकिटात घालून पुण्याच्या एस.टी.च्या चालकापाशी देत, आणि स्वारगेटला ते पाकीट कोणी उचलले की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या अंकावरूनच कळे. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर. म्हणजे एखाद्या प्रकरणाचा छडा लावण्यासाठी चार वेळा तहसील कचेरीत खेटे घातले आणि संपादकाने ते सहा ओळींत आटोपले, तर मोबदलाही सहा ओळींचाच. १९५५ च्या कायद्याने पत्रकारांना जे संरक्षण दिले ते ज्यांचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे त्यांच्यासाठी; दुकान, शेती किंवा शाळेतली नोकरी सांभाळून बातम्या देणारा हा मनुष्य त्या व्याख्येच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

यातून जो नैतिक पेच निर्माण होतो तो कोणत्याही विद्यापीठाच्या नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मी पाहिलेला नाही. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीसाठी ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, त्याच सरपंचाच्या ग्रामपंचायतीचा हिशेब सप्टेंबरमध्ये विचारायचा असतो. वार्षिक अंकासाठी ज्या साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या वा कंत्राटदाराच्या दारात उभे राहायचे, त्यांच्याच कारभाराविषयी फिर्याद घेऊन शेतकरी संध्याकाळी घरी येतो. शहरातल्या दैनिकात जाहिरातीचा विभाग वेगळा व बातमीचा विभाग वेगळा अशी भिंत निदान तत्त्वतः असते. तालुक्यात ती भिंत एकाच माणसाच्या मनात बांधावी लागते, आणि तीही कोणाच्या मदतीवाचून. एकेकाने ती बांधली व आयुष्यभर राखली, याचे मला मोठे कौतुक वाटते. ज्यांना ते जमले नाही त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांना हे कोणी कधी शिकवले होते काय, हा प्रश्न विचारणे न्यायाचे होईल.

वृत्तविद्येचे शिक्षण म्हणजे काय आणि त्याने फरक कसा पडतो, हे मी एका लहान उदाहरणाने दाखवतो. वैशाखात अवकाळी पाऊस व गारा येतात, उभ्या पिकाची नासाडी होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान, भरपाईची मागणी’ असा मजकूर येतो. कोण, काय, कोठे, केव्हा, का, कसे या सहा ककारांपैकी दोनतीन कसेबसे पुरे केलेले असतात. आता ज्याला दप्तर वाचता येते असा वार्ताहर त्याच गावात गेला तर तो तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची नक्कल पाहील. तीत गट क्रमांक, खातेदाराचे नाव, पीक, आणि बाधित क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असल्याखेरीज सरकारी मदत मिळत नाही, हा नियम त्याला ठाऊक असेल, तर तो प्रथम हेच विचारील की या शिवारातील किती खातेदारांचे नुकसान तेहतीस टक्क्यांच्या आतबाहेर दाखवले आहे, आणि तो अंदाज बांधावर जाऊन केला की चावडीत बसून. सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर मदतीचा दावा कसा अडतो, वाट्याने कसणाऱ्या कुळाच्या हाती काय पडते, सामाईक खात्यात भावाभावांच्या सह्यांचे काय होते, हे प्रश्न मग ओळीने उभे राहतात. अतोनात हा शब्द मग त्या बातमीत येत नाही. त्याची गरज उरत नाही. त्याच गावातील ग्रामसभेच्या बातमीचेही असेच: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा ती लागत नाही, एवढा नियम माहीत असलेला मनुष्य सभा ‘उत्साहात पार पडली’ असे लिहिण्यापूर्वी हजेरीची वही मागेल, आणि ठराव पहिल्या सभेत झाले की तहकूब सभेत मोजक्या माणसांनी केले, हे नोंदवील.

हे ज्ञान गहन नाही. मामलेदार कचेरीतला एखादा सेवानिवृत्त अव्वल कारकून, न्यायालयात वकिली करणारा एखादा सज्जन आणि जिल्ह्याच्या दैनिकातला एक अनुभवी उपसंपादक एवढे तिघे मिळून काही रविवारांत ते देऊ शकतात. महसुली कागद, ग्रामपंचायतीचे नमुने, आरोग्य केंद्राच्या नोंदवह्या, पोलिस ठाण्यातील प्रथम खबर, आणि २००५ पासून प्रत्येक नागरिकाच्या हाती आलेला माहितीचा अधिकार, ही तालुक्याच्या वार्ताहराची खरी पाठ्यपुस्तके आहेत. परंतु आमच्या विद्यापीठीय विभागांनी आजवर जो विद्यार्थी गृहीत धरला तो पदवी घेऊन, दिवसाचा वेळ मोकळा ठेवून, शहरात खोली घेऊन राहू शकणारा तरुण. भोर-वेल्ह्यातून अशी मुले रानडेत गेली, शिकली, चांगली नावारूपाला आली; त्यांचा अभिमान वाटतोच. मात्र ती शिकून शहरात राहिली. ज्याच्या बातमीवर पुण्याची ग्रामीण पुरवणी उभी असते, तो चाळिशीचा, दहावी-बारावी झालेला, सकाळी अंक वाटणारा गृहस्थ कोणत्याही विभागाच्या प्रवेशअर्जात बसत नव्हता व आजही बसत नाही. मिसुरीच्या विद्यालयाने विद्यार्थ्याला वर्गातून वृत्तपत्रात नेले. आमच्याकडे जो आधीच वृत्तपत्रात आहे त्याच्याकडे वर्ग नेण्याची गरज आहे, आणि मराठी विद्यापीठांनी जगाला द्यायचे काही असेल तर ते यातच आहे असे मी समजतो.

ही सूचना विद्यापीठाच्या थोरवीला उणेपणा आणणारी आहे असे कोणी मानू नये. रानडे इन्स्टिट्यूटने, हिस्लॉपने आणि त्यांच्या मागून आलेल्या विभागांनी मराठी बातमीला जी शिस्त लावली, शुद्धलेखनापासून सूत्रांच्या पडताळणीपर्यंत जे संस्कार केले, त्यांचा लाभ त्या वर्गांत कधी पाऊल न टाकलेल्या आमच्यासारख्यांनाही अप्रत्यक्षपणे मिळालाच. पुण्यातील एखादा रानडेत शिकलेला उपसंपादक दूरध्वनीवर ‘दुसऱ्या बाजूला विचारलंत का?’ असे विचारी, आणि मग रात्री नऊ वाजता पुन्हा कोणाच्या तरी दारात जावे लागे. त्या हेलपाट्यांतूनच येथल्या अनेकांचे शिक्षण झाले. प्रश्न एवढाच आहे, की जे असे आडवाटेने, तुटक तुटक आणि नशिबाच्या हवाल्याने मिळाले ते रीतसर का मिळू नये.

अभ्यासकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ हा थोर ग्रंथ आपल्यापाशी आहे. संपादकांची चरित्रे आहेत, अग्रलेखांचे संग्रह आहेत, जुन्या अंकांच्या फायली ग्रंथालयांतून आहेत. तालुक्याच्या वार्ताहरांचे मूळ कागद मात्र जवळजवळ कोठेही जपलेले नाहीत. ते काय पाहत होते आणि त्यातले काय छापले गेले, यांतील अंतर मोजल्याशिवाय वृत्तविद्येच्या शिक्षणाची खरी गरज कळणार नाही. भोर, वेल्हे, मुळशी, पुरंदर या भागांतल्या कित्येक घरांतून, माळ्यावरच्या ट्रंकेत वा दुकानाच्या फळीवर, डिंकाने चिकटवलेल्या कात्रणांच्या वह्या, न छापलेल्या मजकुराच्या कार्बन प्रती, संपादकांची कार्डे आणि ओळखपत्रे अजून पडून आहेत. ज्या कुटुंबांपाशी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीच्या तराजूत घालण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला दाखवावेत, आणि विद्यापीठाच्या विभागाने ते स्वीकारण्यासाठी एक कपाट व एक जबाबदार माणूस नेमून द्यावा, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.

भोंगवली, ता. भोर, जि. पुणे